खांद्याचा एमआरआय बघून लगेच ऑपरेशन? आधी फिजिओथेरपीला संधी द्या आणि तिची सोय करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेपरच्या आरोग्य पुरवण्यांमध्ये गुडघ्यावर भरपूर येतं, कंबरेवर येतं, पण खांद्यावर फारच कमी येतं आणि आलं तरी बहुतेक वेळा फ्रोझन शोल्डरवर, म्हणजे खांदा आखडून बसण्यावर येतं, म्हणून हे पत्र लिहितेय. विषय आहे खांद्याच्या सांध्यातली कूर्चा फाटण्याचा, रिपोर्टमध्ये ज्याला लेब्रल टियर लिहितात तो. मला सांगायचंय ते इतकंच की रिपोर्टमध्ये हे दोन शब्द आले म्हणजे दुर्बिणीचं ऑपरेशन ठरलंच असं नसतं, बऱ्याच जणांचं नीट केलेल्या फिजिओथेरपीवर भागतं, पण ती फिजिओथेरपी साध्या माणसाला परवडेल आणि त्याच्या कामाच्या वेळा सांभाळून मिळेल अशी सोय आपल्या ठाणे-नवी मुंबईत करायलाच हवी.

मी ऐरोलीत राहते, शाळेत पी.टी. शिकवते. डॉक्टर नाही, पण पोरांचे खांदे वर्षानुवर्षं बघतेय आणि माझा स्वतःचा उजवा खांदाही यातून गेलाय, त्यामुळे थोडं वाचून, थोडं विचारून जे समजलं ते लिहिते.

खांदा हा शरीरातला सगळ्यात जास्त फिरणारा सांधा आणि म्हणूनच तो निखळतोही सगळ्यात जास्त. दंडाच्या हाडाचं गोल डोकं मोठं आणि ते ज्या खोबणीत बसतं ती मात्र उथळ, बशीत लिंबू ठेवल्यासारखं. या खोबणीच्या भोवती चिवट कूर्चेची एक गोल कड असते, तीच लेब्रम. तिच्यामुळे खोबण जवळजवळ दीडपट खोल होते, सांध्याचे लिगामेंट तिलाच धरून असतात आणि बायसेप्सची लांब कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी) वरच्या बाजूला तिथेच रुजलेली असते. कड वरून फाटली, पुढून मागपर्यंत, तर तिला स्लॅप टियर म्हणतात, हे नाव 1990 साली स्नायडर नावाच्या अमेरिकन सर्जननी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं आणि तेव्हा त्याचे चार प्रकार सांगितले. खाली पुढच्या बाजूला फाटली तर बँकार्ट, ती बहुतेक वेळा खांदा निखळल्यावर फाटते, आणि बँकार्ट हे इंग्लंडमधले सर्जन, त्यांनी 1923 मध्येच त्यावर लिहून ठेवलंय. ही दोन नावं मुद्दाम सांगतेय कारण रिपोर्टमध्ये हीच येतात आणि दोघांचा उपचाराचा रस्ता वेगळा आहे. वरच्या फाटीत घाई करायची गरज क्वचित असते, खालच्या फाटीत तरुण पोरगा असेल आणि खांदा परत परत निखळत असेल तर गोष्ट वेगळी, त्याच्यावर पुढे येते.

आता हे फाटतं कशानं, तर हात पसरून पडल्यानं (पावसाळ्यात स्टेशनच्या जिन्यावर किती जण पडतात ते आपण बघतोच), लोकलमध्ये वरचा दांडा धरलेला असताना मागून लोंढा आला आणि हाताला हिसका बसला त्यानं, दहीहंडीत थर कोसळल्यावर, कबड्डीत पकडीतून सुटताना हात पिरगळला जातो त्यानं, बॉल लांबून फेकण्यानं, आणि कितीतरी वेळा नुसत्या वयानं. चाळिशीनंतर ही कड झिजत जाते, तिला बारीक चिरा पडतात, आणि त्या सगळ्या दुखतातच असं नाही.

हे शेवटचं वाक्य मी मनानं लिहीत नाहीये. 2016 साली एक अभ्यास छापून आला होता, 45 ते 60 वयाच्या अशा 53 लोकांचे एमआरआय काढले ज्यांचा खांदा अजिबात दुखत नव्हता, आणि दोन रेडिओलॉजिस्टनी ते आपापले वाचले. एकाला 55 टक्के खांद्यांत वरची कड फाटलेली दिसली, दुसऱ्याला 72 टक्के. म्हणजे न दुखणाऱ्या खांद्यांतही निम्म्याहून जास्त ठिकाणी फाट, आणि तोच फोटो बघून दोन जाणकारांचं एकमत नाही. मग पन्नाशीच्या बाईचा खांदा दुखतोय आणि एमआरआयमध्ये फाट दिसतेय तर दुखणं त्या फाटीचंच आहे हे कशावरून, ते रोटेटर कफचं (दंडाचं डोकं खोबणीत धरून ठेवणाऱ्या स्नायूंचं) असू शकतं, फ्रोझन शोल्डरची सुरुवात असू शकते (डायबेटिस असेल तर जास्तच शक्यता), मानेतून आलेलं असू शकतं. डावा खांदा दुखतोय आणि सोबत छातीत दाब, घाम, दम लागणं असेल तर मग एमआरआय वगैरे सगळं सोडा आणि आधी ईसीजीला पळा.

दुसरा अभ्यास नॉर्वेतला, 2017 सालचा, तो वाचून मी खरंच थक्क झाले. वरची कड फाटलेल्या, ज्याला टाइप टू स्लॅप म्हणतात तशा 118 पेशंटचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. एका गटात कड टाके घालून शिवली, दुसऱ्या गटात बायसेप्सची कंडरा तिथून सोडवून दंडाच्या हाडाला लावली, आणि तिसऱ्या गटाला भूल दिली, दुर्बीण आत घालून पाहिलं आणि दुरुस्ती काहीच न करता बाहेर आले. पेशंटना कोणावर काय झालं ते सांगितलेलं नव्हतं, नंतरचा व्यायाम सगळ्यांना दिला. दोन वर्षांनी मोजलं तर तिन्ही गट सारखेच सुधारलेले, सांगण्यासारखा फरक नाही, उलट खांदा आखडण्याचा त्रास खरी ऑपरेशनं झालेल्या काही जणांना झाला. यात खांदा निखळणारे पेशंट घेतलेले नव्हते हेही सांगायला पाहिजे, नाहीतर कोणीतरी अर्धंच वाचेल आणि निखळणाऱ्या खांद्याला व्यायाम करत बसेल.

आणि दुसरी बाजूही लपवायची नाही. अमेरिकेत 2010 साली स्लॅपच्या 39 पेशंटचा फक्त व्यायाम आणि औषधांवरचा हिशोब आला, त्यातल्या 19 जणांचं तेवढ्यावर भागलं आणि 20 जणांना शेवटी ऑपरेशन करावं लागलं. म्हणजे साधारण निम्मे. कोणी छातीठोकपणे सांगत असेल की व्यायामाने शंभर टक्के बरं होतं तर ते खोटं आहे. पण निम्म्या लोकांचं चिरफाड न करता होत असेल तर ती संधी प्रत्येकाला आधी मिळायला नको का? ऑपरेशन कुठे पळून जात नाही, ते तीन महिन्यांनीही करता येतं, एकदा केलेलं मात्र उलटं फिरवता येत नाही.

माझं थोडक्यात सांगते. थ्रोबॉल शिकवताना हात डोक्यावरून फेकताना आत खोलवर कळ यायची, टक असा आवाज यायचा, मग हळूहळू रात्री त्या कुशीवर झोपणं बंद झालं, वरच्या दोरीवर कपडे वाळत घालणं बंद झालं, पाठीमागे हात नेऊन हूक लावायला त्रास. एमआरआय काढला, वरची कड फाटलेली. एका मोठ्या हॉस्पिटलात रिपोर्ट बघितला आणि मेडिक्लेम आहे का विचारलं, आहे म्हटल्यावर तारीख कधीची देऊ विचारलं. खांद्याला हात कोणी लावला नाही. मला ते पटलं नाही म्हणून ठाण्यात दुसऱ्या ऑर्थोपेडिककडे गेले, त्यांनी आधी रिपोर्ट बाजूला ठेवला, मान तपासली, हात समोर धरायला लावून अंगठा खाली करून वरून दाब दिला, मग तळवा वर करून तसाच दाब दिला आणि दोन्हीत दुखण्यात फरक पडतो का विचारलं, हात मागून पुढून फिरवून बघितला, ताकद बघितली, आणि म्हणाले की सांधा घसरत नाहीये, ताकद आहे, आधी मनापासून व्यायाम करा, तीन महिन्यांनी परत भेटा, तेव्हाही हीच परिस्थिती असेल तर ऑपरेशनचं बोलू. ती वेळ आली नाही. आज मी मुलांना फेकून दाखवते, लांबचा फेक टाळते, खांदा बोलायला लागला की दोन दिवस कमी करते.

तर या व्यायामात नेमकं असतं काय, ते लिहिते कारण फिजिओथेरपी म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर मशीनच येतं. खांद्याला चार चकत्या लावायच्या, झिणझिण्या येतात, वरून शेक, पंधरा मिनिटं पडून राहायचं आणि घरी. त्यानं त्या दिवसापुरता आराम पडतो, नाही असं नाही, पण कडेवरचा ताण त्यानं कमी होत नाही. फाटलेल्या कडेच्या वरच्या भागाला रक्तपुरवठाच कमी असतो, त्यामुळे मोठ्या माणसात ती आपोआप जुळून येईल अशी आशा फारशी धरता येत नाही. व्यायामाचा उद्देश फाट भरून काढणं हा नाहीच, तर आजूबाजूचे स्नायू इतके तयार करायचे की दंडाचं डोकं खोबणीच्या मधोमध राहील आणि प्रत्येक हालचालीला त्या फाटलेल्या जागेवर ओढ बसणार नाही.

सुरुवातीचे काही आठवडे शांत करण्याचे. हात डोक्यावर नेणं, लांब हात करून वजन उचलणं (भरलेला कुकर ओट्यावरून एका हाताने उचलतो ते), हिसका बसेल असं काहीही बंद. पण हात गळ्यात अडकवून ठेवून द्यायचा नाही, तसं केलं की खांदा आखडतो आणि एकाचे दोन आजार होतात. पुढे वाकून हात सैल सोडून लंबकासारखा हलवायचा, भिंतीवर बोटांनी वर चढायचं पण दुखेल तिथे थांबायचं. बर्फाचा शेक. झोपताना दुखऱ्या बाजूच्या काखेत आणि दंडाखाली उशी, म्हणजे हात मागे लोंबकळत नाही, या एका गोष्टीने माझी झोप परत आली. पेनकिलर लागली तर डॉक्टरने लिहून दिली तेवढे दिवसच, कारण ब्रुफेन, डायक्लोफेनॅकच्या जातीच्या गोळ्या आठवडेच्या आठवडे घेतल्या तर पोट आणि किडनी दोन्हीला त्रास, बीपीवाल्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

मग खरं काम पाठीपासून सुरू होतं, आणि हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं. खांद्याची खोबण ही पाठीवरच्या फऱ्याच्या हाडाचाच भाग आहे, फरा जागेवर नसेल, आपण सगळे मोबाइलवर वाकून बसतो तसा पुढे ओघळलेला असेल, तर खोबणही वाकडी आणि हात वर जाताना सगळं आत घासतं. म्हणून दोन्ही फरे मागे खाली ओढून धरायचे, रबरी पट्टा दाराच्या कडीला बांधून वल्हं मारल्यासारखा मागे खेचायचा, भिंतीवर हात टेकवून पुशअप करायचे आणि शेवटी फरे अजून थोडे पुढे ढकलायचे. सोबत रोटेटर कफसाठी कोपर अंगाला चिकटवून, मध्ये घडी केलेला टॉवेल धरून, पट्टा बाहेरच्या बाजूला खेचायचा, मग आतल्या बाजूला. हा व्यायाम दिसायला इतका साधा आहे की लोक दोन दिवसांत सोडून देतात, पण सगळी मदार त्याच्यावर आहे. खांद्याची मागची बाजू आखडलेली असेल, फेकणाऱ्या मुलांमध्ये हमखास असते, तर हात छातीवरून पलीकडे ओढून ताण द्यायचा किंवा कुशीवर झोपून हाताचा पंजा हळूच खाली दाबायचा, हा दुसरा प्रकार फिजिओने दाखवल्याशिवाय करू नका, चुकला तर दुखणं वाढतं. आणि वरची कड फाटलेली असेल तर बायसेप्सचे डंबेल सुरुवातीला नकोत, कारण ती कंडरा नेमकी त्याच जागी ओढते. जिममधले ट्रेनर हे विचारत नाहीत, खांदा कमजोर झालाय म्हणून वजन वाढव सांगतात.

शेवटच्या टप्प्यात आपल्याला रोज जे करायचंय त्याची तयारी, कोणाला माळ्यावरून डबे काढायचेत, कोणाला बोलिंग टाकायचीय, कोणाला गोण्या उचलायच्यात. याला साधारण तीन महिने लागतात, कोणाला थोडे जास्त. फिजिओकडे रोज जायची गरज नसते, आठवड्यातून एक-दोनदा दाखवायचं आणि घरी रोज करायचं. मात्र फिजिओ राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी कौन्सिलकडे नोंदणी असलेला आहे का ते विचारा, विचारण्यात काही गैर नाही. आणि खांदा निखळल्यावर हाडवैद्याकडे नेऊन ओढून बसवायचा प्रकार आपल्याकडे अजून चालतो, तो कृपा करून बंद करा. हाड मोडलेलं असलं किंवा शीर दबलेली असली तर त्या एका ओढीत कायमचं नुकसान होतं. आधी एक्स-रे.

इंजेक्शनबद्दल लोक फार विचारतात. स्टेरॉइडचं इंजेक्शन सांध्यात दिलं तर सूज उतरते, काही आठवडे ते थोडे महिने आराम पडतो आणि तेवढ्यात व्यायाम नीट करता येतो, हाच त्याचा खरा उपयोग. फाट त्याने जुळत नाही. सोनोग्राफीत बघून दिलं तर सुई योग्य जागी जाते. डायबेटिस असलेल्यांची शुगर त्यानंतर काही दिवस चढते, ते आधी सांगायला हवं आणि शुगर तपासत राहायला हवी, आणि वरचेवर घेत राहिलं तर सांध्याच्या कूर्चेलाच अपाय होतो. पीआरपी म्हणजे आपलंच रक्त काढून, मशीनमध्ये फिरवून त्यातला प्लेटलेटचा भाग परत टोचायचा, त्याला हजारो रुपये लागतात आणि लेब्रमच्या फाटीवर त्याचा भक्कम पुरावा अजून नाही, मी तरी स्वतः घेतलं नाही. स्टेम सेलच्या जाहिरातींना मात्र अजिबात भुलू नका. आयसीएमआर म्हणजे देशाची वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट आहे की रक्ताच्या ठराविक आजारांसाठीचं ट्रान्सप्लांट सोडलं तर स्टेम सेल हा मान्य झालेला उपचार नाही, बाकी कशासाठी द्यायचं तर ते रीतसर ट्रायलमध्येच द्यायचं, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. सांध्याच्या दुखण्यावर लाखाचं पॅकेज सांगणारा माणूस समोर बसला असेल तर उठून या.

आता ज्यांना ऑपरेशन लागतंच त्यांचं. माझा एक जुना विद्यार्थी, कॉलेजात जाणारा, घणसोलीच्या मैदानावर कबड्डी खेळायचा. पकडीत खांदा निखळला, बसवला, व्यायाम केला, परत निखळला, पुढे पुढे तर झोपेत कूस बदलतानाही निखळायला लागला. त्याच्या घरचे मला विचारायला आले की बाई तुमचा व्यायामाने बरा झाला मग याचा का नको. मी सांगितलं याचं ऑपरेशन करा, आणि ते लवकर करा. वीस वर्षांच्या आतल्या मुलांचा खांदा एकदा निखळला की परत निखळण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, आणि प्रत्येक वेळी खोबणीचं हाडही थोडं थोडं झिजतं, ते फार झिजलं की नुसती कड शिवून भागत नाही, हाड बसवायचं मोठं ऑपरेशन करावं लागतं. तसंच सांधा मध्येच अडकतो, पडल्यानंतर हात उचलताच येत नाही, फाटीशेजारी पाण्याची गाठ होऊन ती शिरेवर दाब देतेय आणि खांद्यामागचा स्नायू बारीक होत चाललाय, किंवा तीन ते सहा महिने मनापासून व्यायाम करूनही काही फरक नाही, अशा वेळी सर्जनकडे जायलाच हवं. दुर्बिणीचं ऑपरेशन वाईट नाही, योग्य माणसावर केलं तर त्याचं आयुष्य सुधारतं. त्या मुलाचं सुधारलं. पण त्यालाही ऑपरेशननंतर काही आठवडे हात पट्ट्यात आणि मग पुढे कितीतरी महिने तीच फिजिओथेरपी करावी लागली, ती कोणालाच चुकत नाही.

आणि इथेच माझी खरी तक्रार आहे. बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी हॉस्पिटलात ॲडमिट झालं तर पैसे देतात. दुर्बिणीचं ऑपरेशन केलं की कॅशलेस, लाख-दीड लाख बिल झालं तरी मंजूर, आणि त्यानंतरचे साठ-नव्वद दिवस जी फिजिओथेरपी लिहून देतील तिचेही पैसे मिळतात. पण तीच फिजिओथेरपी ऑपरेशन टाळण्यासाठी केली तर ती ओपीडी, ओपीडीचं वेगळं कव्हर घेतलेलं नसेल तर एक रुपया मिळत नाही. माझ्या विमा कंपनीने मला हेच उत्तर दिलं, पॉलिसीच्या कागदावरही तसंच आहे, त्यामुळे उत्तर देणाऱ्या मुलीचा दोष नाही. पण हा नियम माणसाला कुठे ढकलतो ते बघा. आमच्याकडे खासगी फिजिओचे एका वेळेचे चारशे-पाचशे सहज होतात, तीन महिन्यांचा हिशोब केला तर मध्यमवर्गीय घरातही दोनदा विचार होतो, आणि समोर फुकटातलं ऑपरेशन दिसत असतं. लोक ऑपरेशन निवडतात ते काही हौसेने नाही. विमा कंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या आयआरडीएआयने कंपन्यांना सांगावं की ज्या आजारांत आधी फिजिओथेरपी करून बघणं हाच योग्य उपचार आहे तिथे नोंदणीकृत फिजिओकडच्या ठराविक बैठकांचे पैसे ॲडमिट न होताही द्यावेत. त्यात कंपन्यांचाही फायदाच आहे, निम्मी ऑपरेशनं टळली तर त्यांचेच पैसे वाचतील.

मेडिक्लेमवाल्यांचं एक, पण ज्यांच्याकडे तेही नाही त्यांचं काय. माझे दीर वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी आहेत. आयुष्यभर गोण्या उचलल्या, आता दोन्ही खांदे गेलेत, डावा जास्त. त्यांचं काम पहाटे सुरू होतं आणि मजुरी कामाप्रमाणे, खाडा केला तर त्या दिवसाचे पैसे गेले. डॉक्टरांनी त्यांना फिजिओथेरपी लिहून दिलीये, चिठ्ठी खिशात आहे, पण सरकारी ओपीडी असते सकाळी, त्या वेळेला ते गाळ्यावर असतात. मग काय, दुखलं की मेडिकलमधून गोळी आणि परत गोणीखाली खांदा. 1969 चा माथाडी कायदा आपल्या महाराष्ट्राने केला, देशात आधी असं काही नव्हतं, कामगाराला प्रॉव्हिडंट फंड, दवाखाना मिळावा म्हणून किती लढावं लागलं, आणि ज्या खांद्यावर ते मार्केट उभं आहे त्या खांद्याच्या साध्या व्यायामासाठी दुपारी चार वाजता उघडं असलेलं केंद्र मार्केटजवळ नसावं याचं मला फार वाईट वाटतं. माथाडी मंडळ, एपीएमसी (बाजार समिती) आणि महापालिका तिघांनी मिळून ठरवलं तर एका मोकळ्या गाळ्यात हे होऊ शकतं. मोठी मशीन नकोत. दोन फिजिओ, रबरी पट्टे, एक-दोन पुल्या, चार टेबलं आणि भिंत. दोन फिजिओंचा पगार हाच काय तो मोठा खर्च.

हीच मागणी ठाण्यासाठी. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल असो की नवी मुंबई पालिकेची वाशी, नेरूळ, ऐरोलीची हॉस्पिटलं असोत, फिजिओथेरपी विभाग आठवड्यातून तीन दिवस तरी संध्याकाळी सात ते नऊ चालवावा. या शहरांतला नोकरदार माणूस सकाळी आठच्या लोकलला लटकतो आणि रात्री सातनंतर परत येतो, त्याला सकाळी दहाच्या ओपीडीचा केसपेपर काढणं जमणारच नाही, आणि तीन महिने सुट्टी कोणी देत नाही. फिजिओथेरपी हा असा उपचार आहे की एकदा जाऊन होत नाही, सातत्य लागतं, त्यामुळे ऑपरेशन थिएटरपेक्षा इथे वेळेचं महत्त्व जास्त आहे.

शाळांमध्येही थोडं करता येईल. बॉल फेकणाऱ्या, कबड्डी-कुस्ती खेळणाऱ्या मुलांना वॉर्मअपमध्येच पट्ट्याचे व्यायाम द्यावेत, मी गेली काही वर्षं देतेय, पाच-सात मिनिटांचं काम आहे, पट्टा नसेल तर सायकलची जुनी ट्यूब चालते. आणि मुलगा खांदा दुखतोय म्हणाला तर त्याला नाटक करतोस म्हणून परत मैदानात पाठवू नये, एवढं माझ्या सहकारी शिक्षकांना हात जोडून सांगणं आहे.

संध्याकाळच्या फिजिओथेरपी ओपीडीसाठी आम्ही ऐरोली-घणसोली-कोपरखैरणेतले काही शिक्षक आणि मार्केटमधले कामगार मिळून पालिका आयुक्तांना अर्ज देतोय. त्याची प्रत आपल्याकडेही पाठवते, बातमी म्हणून देता आली तर बघावं. आणि आपल्या आरोग्य पुरवणीत एकदा एखाद्या सरकारी फिजिओथेरपिस्टकडून खांद्याचे हे व्यायाम फोटोसकट छापून घ्या, लोक कापून कपाटाच्या दाराला लावतील.

आपली,
एक वाचक, ऐरोली